जुन्या वस्तूची पायरी : मोटारीची क्ले

आपल्या घरांतून लुगडे विटले म्हणजे त्याची चौघडी होते, चौघडी विरली म्हणजे पायपुसणे, आणि अखेरीस पोतेरे. वस्तू शेवटपर्यंत वापरावी, हे या रीतीचे एक अंग. पण पोतेरे झालेले वस्त्र पुन्हा देवघरात न्यावयाचे नाही, हे तिचे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे अंग होय. मोटारीचा रंग निर्मळ करण्याची क्ले जपून ठेवताना पहिले अंग सर्वांच्या ध्यानी राहते, दुसऱ्याचा विसर पडतो.

क्ले म्हणजे माती खरी. परंतु ही कुंभाराची माती नव्हे. कणकेसारख्या मऊ कृत्रिम द्रव्यात अतिसूक्ष्म घर्षक कण मळून ती तयार करितात. जपानमधील तादाओ कोदाते यांना 1995 साली अमेरिकेत जे एकस्व मिळाले, त्यात तिला ‘लवचीक सहाण’ अशा अर्थाचेच नाव आहे. ब्रेकांतून वा रुळांवरून उडालेला लोखंडाचा कीस, झाडाचा चीक, शेजारच्या रंगकामाचे तुषार, अशी जी घाण धुऊन निघत नाही, ती उचलून ही क्ले आपल्या अंगात साठविते. तिचा गुण हाच, आणि धोकाही हाच.

आजच्या मोटारींवरील सर्वांत वरचा पारदर्शक लेप बहुधा 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाहूनही पातळ असतो. मळकी क्ले त्यावर फिरली की ओरखडे उमटतात. पॉलिशने ते काढावेत तर लेप झिजतो, आणि झिजलेला लेप भरून येत नाही. थोडक्या रुपयांची क्ले वाचवून रंग गमावणे ही काटकसर नव्हे.

यास्तव काही नियम पाळावे. गाडी आधी धुऊन सावलीत घ्यावी. क्लेसाठी मिळणारे निसरडे द्रव किंवा शांपूचे पाणी सढळ हाताने शिंपडून मगच क्ले हलके फिरवावी. दर थोड्या वेळाने ती दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी. काम संपल्यावर तिच्यावर तेच द्रव किंचित शिंपडून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवावी. कागदात वा फडक्यात गुंडाळू नये. त्यांचे तंतू तिला चिकटतात. उन्हात तापणाऱ्या गाडीतही ठेवू नये. ती चिकट होते. थंडीत कडक झाली तर कोमट पाण्यात थोडा वेळ बुडविली की पुन्हा मऊ पडते.

कितीही मळून स्वच्छ बाजू निघेनाशी झाली, की तिची पायरी उतरली असे समजावे. मग ती काचांसाठी, त्यानंतर चाकांसाठी वापरावी, आणि अखेर टाकून द्यावी. चाकांवर फिरलेली क्ले रंगावर परत आणू नये. जमिनीवर पडलेली क्ले नवी असली तरी रंगासाठी निकामी समजावी. रुतलेला वाळूचा कण डोळ्यांस दिसत नाही, रंगास मात्र जाणवतो. क्ले फिरविल्याने जुने मेणही निघून जाते, तेव्हा शेवटी मेणाचा नवा हात द्यावा.

आणखी एक. एकत्र कुटुंबात गाडी धुणारे हात अनेक असतात, आणि क्लेच्या रंगावरून तिचा इतिहास कळत नाही. म्हणून ‘रंगासाठी’, ‘काचेसाठी’, ‘चाकांसाठी’ अशा तीन डब्या निराळ्या कराव्या, आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत तसे लिहून ठेवावे.