छेद लपवलेला आकडा

प्रभादेवीतल्या माझ्या ऑफिसपासून परळची हाफकिन संस्था फार लांब नाही. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेग असताना वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखान तिसरे यांनीही ती लोकांसमोर घेतली. उलट पोलिसी खाक्याने घरोघर शिरणाऱ्या तपासणी पथकांमुळे मार्च १८९८ मध्ये याच शहरात दंगल झाली.

हाफकिन राज्य सरकारची. देशपातळीवर हे काम दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं. १९६३ साली स्थापन झालेली ही संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे.

५ एप्रिल २०२० ला मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं: रुग्ण ४.१ दिवसांत दुप्पट होताहेत, तबलिगी जमातचा कार्यक्रम नसता तर ७.४ दिवस लागले असते. निजामुद्दीनला संसर्ग पसरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आकड्यांवरच माझं पोट चालतं. माझा पहिला प्रश्न असतो, छेद किती? तेव्हा चाचण्या मोजक्या होत्या आणि जमातींना व त्यांच्या संपर्कातल्यांना देशभर शोधून तपासलं जात होतं. बॅटरी एकाच कोपऱ्यात मारली की झुरळं तिथेच दिसणार. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग साथरोगतज्ज्ञांनी त्याच व्यासपीठावरून का सांगितलं नाही?

तीन दिवसांनी मंत्रालयानेच पत्रक काढलं की कुठल्याही समाजाला दोष देऊ नका. तोवर मुसलमान भाजीवाल्यांना गल्लीबाहेर हाकलणं सुरू झालं होतं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. न्यायालयाला जे दिसलं ते सांगणं आधी राष्ट्रीय संस्थेचं काम होतं.

म्हणून अशा संस्थेला स्वतःचा कायदा हवा. साथीत रोज तिच्या संचालकांनी बोलावं, मंत्र्यांच्या परवानगीविना. किती तपासले, कुठे तपासले, किती सापडले, हे वॉर्डनिहाय जाहीर व्हावं.

आणि यातला आपला वाटा? २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने लहान मुलं गेली; लस न मिळालेली मुलं तिथे बरीच होती. सरकारवरचा राग पोरांच्या दंडावर काढू नका. लसीचं कार्ड आज रात्रीच बघा, डोस राहिला असेल तर उद्या पालिकेच्या दवाखान्यात जा. तिथे आपल्या वॉर्डात किती मुलांची लस बाकी आहे तेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला मी मदत करतो.