फॉरमॅट मारून वही पुसत नाही

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवर प्रत्येक दुखण्यावर एकच जालीम औषध आहे : "फॉरमॅट मार!" मीही मारलं. एकदा नव्हे, दोनदा.

लॅपटॉपवर नवंकोरं उबुंटू टाकलं होतं. आमच्या विंगमध्ये वायरने नेट घ्यायचं तर आयपीचे आकडे हाताने भरावे लागतात. भरले. 'कनेक्टेड' असं झळकलं, पण एकही पान उघडेना. बाहेर अलिबागचा पाऊस, डोक्यावर दुसऱ्या दिवशीचं सबमिशन. रात्री दोनपर्यंत दोनदा सगळं पुसून पुन्हा टाकलं. रोग तस्साच! शेवटी "लिनक्सच बेकार" असा निकाल देऊन झोपलो.

सकाळी रूममेट म्हणाला, "अरे, आधी पिंग तरी करून बघ ना." गेटवेला पिंग केलं, उत्तर आलं. ८.८.८.८ ला केलं, तिथूनही आलं. म्हणजे केबल, कार्ड, ड्रायव्हर ठीक. बाहेरचा रस्ताही मोकळा. साइटचं नाव टाकलं की मात्र गाडी अडते. नावावरून आकडा शोधून देणं हे डीएनएसचं काम, म्हणून संशय त्याच्यावर. त्याचा चालू लॅपटॉप शेजारी ठेवून एकेक आकडा ताडला. माझ्या डीएनएसमध्ये शेवटी एक शून्य जास्त! वहीत मीच चुकीचं उतरवलं होतं आणि तिन्ही वेळा त्याच वहीतून इमानेइतबारे भरलं होतं. फॉरमॅटने डिस्क पुसली, वही कशी पुसणार?

असं शेजारी ठेवून ताडणं अलिबागला नवं नाही. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली इथे वेधशाळा सुरू झाली. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन फरक मोजला, मगच जुनी जागा सोडली.

आपण मात्र इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनशॉटनी जर्नल भरतो. सर, एक विनंती : एखाद्या प्रॅक्टिकलला मुद्दाम बिघडवलेलं मशीन द्या आणि बिघाड शोधायला लावा. नेट नाही चाललं तरी चालेल, पण ते नेमकं कुठे अडलं हे सांगता आलंच पाहिजे. त्यालाच मार्क द्या.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "फॉरमॅट मार" म्हणालं, तर त्याला आधी विचारा, "पिंग कुठपर्यंत जातंय?"