इन्शुलिन कोणाच्या दारात?

इन्शुलिनच्या शोधकर्त्यांनी १९२३ साली आपले पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. हे औषध कोणाची मिरास होऊ नये, हा त्यामागील हेतू. तो आजही अपुराच आहे.

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, हा समज आपल्या कार्यकर्त्यांनीही आता सोडावा. अतोनात तहान, वारंवार लघवी, झपाट्याने घटणारे वजन. मग ओकाऱ्या, पोटदुखी, खोल धापा. रक्तात आम्ले साचल्याची ही चिन्हे शेतमजुराच्या मुलात दिसली, की पोटाचा विकार म्हणून खपून जातात. त्यात ग्लुकोजचे सलाइन लावले, तर आगीत तेलच! वास्तविक रक्ताचा एक थेंब व एक पट्टी पुरते. या लक्षणांसह साखर २०० मिलिग्रॅम वा अधिक निघाली, तर मुलाला त्याच क्षणी रुग्णालयात हलवावे. साधे सलाइन, इन्शुलिन आणि पोटॅशियमवर नजर हे काम तेथलेच.

उलट धोकाही कष्टकऱ्याच्याच वाट्याला. इन्शुलिन टोचले आणि भाकरीची वेळ टळली, तर साखर ७० च्या खाली उतरते. घाम, कंप, बरळणे सुरू होते. शुद्ध असेल तर साखरपाणी द्यावे, बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री पट्टी मिळते काय, वीज गेल्यावर फ्रीजमधील इन्शुलिनचे काय होते, हे साथींनी येत्या ग्रामसभेत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.