वाचविलेल्या जिवांचे पुढे काय?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. आदल्या दिवशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती आणि चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे निजलेल्यांच्याच अंगावर कोसळली. आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. बावन्न गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. मृतांची गणना झाली, पडलेल्या घरांची झाली. परंतु माळवदाच्या ओझ्याखालून ज्यांना जिवंत काढले आणि ज्यांच्या पाठीचा कणा मात्र कायमचा मोडला, त्यांच्या पुढील आयुष्याची नोंद कोणत्या वहीत झाली? पुनर्वसन हा शब्द आपल्याकडे घरांना लागू पडतो. माणसांच्या बाबतीत तो अद्याप अर्थहीनच राहिला आहे.

तो भूकंप एकदाच झाला, हेही खरे नव्हे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत तो आजही होत असतो. फरक इतकाच, की तो एका वेळी एकाच घरात होतो. चिंचा झोडपताना फांदी मोडते, शेळ्यांसाठी लिंबाचा पाला काढताना पाय निसटतो, विहिरीवर काम करताना तोल जातो, मजुरांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उलटते, विजेच्या खांबावरून तरुण कामगार खाली येतो. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला तशी वाहनांची गतीही वाढली. उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात, हीच मज्जारज्जूच्या दुखापतीची प्रमुख कारणे होत. अशा दुखापती बहुधा कमावत्या वयातील माणसालाच गाठतात, आणि म्हणून एका माणसाबरोबर अवघे घर आडवे होते.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून शरीराकडे जाणारी निरोपांची दोरी. ती एकदा तुटली की आजच्या वैद्यकाला ती पूर्ववत जोडता येत नाही. शस्त्रक्रियेने मोडलेला मणका स्थिर होतो. गेलेली शक्ती परत येईलच असे नाही. पाय जातात, हे लोकांना दिसते. त्याबरोबर स्पर्शाची जाणीव आणि मलमूत्रावरील ताबाही जातो, हे दिसत नाही, आणि रुग्णाचा जीव जातो तो बहुधा या न दिसणाऱ्या गोष्टींमुळे. जाणीव नसल्याने एकाच कुशीवर पडून राहिलेल्या शरीराला जखमा होतात व त्या हाडापर्यंत पोहोचतात. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे न झाल्यास जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. दर दोन तासांनी कूस बदलणे, ठरलेल्या वेळी स्वच्छ नळीने लघवी काढणे, बसण्यास योग्य गादी असणे, एवढ्या साध्या गोष्टींवर हे आयुष्य अवलंबून असते.

हे ज्ञान नवे नाही. जर्मनीतून परागंदा झालेल्या लुडविग गुटमान या डॉक्टराने १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र उघडले. त्यापूर्वी असे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. गुटमान यांनी त्यांना जगविले, कामाला लावले आणि १९४८ साली चाकांच्या खुर्चीवरील खेळांची स्पर्धाही भरविली. तिच्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यात जन्मलेले आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण होय. त्या यशात पेटकरांची जिद्द होतीच. तथापि त्यांच्या पाठीशी सैन्यदलाची व्यवस्था होती, हेही विसरता कामा नये. चिंचेवरून पडलेल्या शेतमजुराच्या पाठीशी कोण आहे?

जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. दिल्लीत मेजर अहलुवालिया यांनी मोठे केंद्र उभारले. नांदेडहून मुंबई पाचशेहून अधिक किलोमीटर आहे, आणि ज्याला धड बसता येत नाही त्याच्यासाठी हे अंतर आकड्याहून कितीतरी मोठे असते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेली आरोग्य योजना २०१२ साली प्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. परंतु या साऱ्या व्यवस्थेची नजर रुग्णालयाच्या दारापर्यंतच पोहोचते. मणक्यात स्क्रू बसतात, टाके निघतात, कागद हातात पडतो आणि रुग्ण घरी जातो. खरा आजार तेथूनच सुरू होतो.

घरी त्याची वाट पाहत असते ती बायको किंवा म्हातारी आई. रात्री तीन वेळा उठून कूस बदलणारी, नळी उकळणारी, अंथरूण धुणारी ती स्त्री कोणत्याही योजनेच्या यादीत नाही. तिची शेतावरची मजुरी बुडते; म्हणजे एका अपघाताने घरातील दोन मिळकती जातात. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२५ साली अपंगांसाठी दरमहा २,५०० रुपये करण्यात आले, हे स्वागतार्ह आहे. पण नळ्या, जखमांचे औषधपाणी आणि तालुक्याच्या गावी जाण्याचे गाडीभाडे यांत ते किती दिवस पुरावे? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या झाडावर चढणारा भूमिहीन तीत बसत नाही.

कायदा मात्र या सर्वांच्या पुढे गेलेला आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहकाचा भत्ता, तसेच उत्पन्नाच्या मर्यादेत औषधे व साधने विनामूल्य देण्याची तरतूद आहे. २०२० साली एका अपघातग्रस्त मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिची आयुष्यभर शुश्रूषा करणाऱ्यांचे वेतन भरपाईत धरले. म्हणजे शुश्रूषा हे श्रम आहेत आणि त्यांना मोल आहे, हे न्यायालयाने मानले. केरळने अल्प रकमेचा का होईना, असा भत्ता सुरू केला, आणि तेथे पंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. महाराष्ट्राने २०२२ साली अपंगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग स्थापन केला. तो विभाग घराघरांत पोहोचावयाचा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, आजाऱ्याची सेवा हा कुटुंबाचा धर्म आहे. तो आहेच, पण ज्या घरात चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्या घराला धर्म शिकविण्याचा अधिकार समाजाला कोणी दिला? दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर हिशेबातच आहे. हाडापर्यंत गेलेल्या जखमेसाठी रुग्ण महिनोन् महिने खाटेवर पडून राहतो. त्याहून एक गादी आणि परिचारिकेची महिन्यातील एक फेरी निश्चितच स्वस्त आहे.

मागणी अवास्तव नाही. दोन्ही शासकीय महाविद्यालयांत मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी राखीव खाटांचा स्वतंत्र कक्ष असावा आणि घरच्या माणसाला शुश्रूषेचे शिक्षण दिल्याखेरीज कोणालाही घरी पाठवू नये. नळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाव्यात. स्थानिक संस्थांनी अपंगांसाठी राखून ठेवावयाच्या पाच टक्के निधीतून उतरंड, शौचालय आणि चाकांची खुर्ची यांची सोय व्हावी. काळजीवाहकाचा भत्ता कायद्याच्या पुस्तकातून बँकेच्या खात्यात यावा. आणि पडलेल्या माणसाला हातपाय धरून जीपमध्ये टाकू नये, पाठ व मान सरळ ठेवून फळीवरून न्यावे, एवढे तरी गावोगाव शिकविले जावे. कारण उरलेली दोरी पुष्कळदा त्या उचलण्यातच तुटते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी दोघांची नावे या दोन वैद्यकीय महाविद्यालयांना आहेत. त्या नावांना साजेसे स्मारक नवे बांधण्याची गरज नाही. रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ न देणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल. ढिगाऱ्यातून जीव बाहेर काढणारे हात मराठवाड्यात कधीच कमी पडले नाहीत. काढलेला जीव जगविण्याची जबाबदारी आता राज्याने उचलली पाहिजे.