कार्यकर्त्याच्या श्रमाचा घसारा

कोणताही कारखानदार यंत्राचा घसारा हिशेबात धरतो. यंत्र झिजते, त्याला तेलपाणी लागते, ठरावीक काळाने ते बंद ठेवून दुरुस्त करावे लागते, हे मान्य करूनच तो ताळेबंद मांडतो. श्रमिकांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या पक्षांच्या निवडणूक हिशेबात मात्र कार्यकर्त्याच्या देहाचा घसारा कुठेच दाखविलेला नसतो. पत्रके, ध्वनिक्षेपक, वाहनाचे डिझेल यांची नोंद पै-पैशाने होते. मात्र जो माणूस पत्रके वाटतो त्याची झोप, त्याचे जेवण, त्याचे औषध यांसाठी वहीत रकाना नाही.

२०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीचे मतदान १९ एप्रिल ते १ जून असे चव्वेचाळीस दिवस, सात टप्प्यांत चालले. महाराष्ट्रात त्याचे पाच टप्पे झाले. विदर्भातील रामटेक, नागपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर येथे पहिल्याच टप्प्यात मतदान झाले आणि निकालासाठी ४ जूनपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस दिवस, वाट पाहावी लागली. हा सारा काळ भर उन्हाळ्याचा. शेवटच्या दिवशी एकट्या उत्तर प्रदेशात तेहेतीस निवडणूक कर्मचारी उष्णतेने मृत्यू पावल्याचे त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. ही माणसे सरकारी कामावर होती, म्हणून त्यांची गणना तरी झाली. उन्हातान्हात घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची अशी गणना कोणी करीत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २० तारखेला महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले, आणि बहुतेक ठिकाणी तीच माणसे पुन्हा रस्त्यावर उतरली.

यावर ठराविक उत्तर असते ते त्यागाचे. जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ च्या कारावासात निकामी झाली आणि डायलिसिसवर असतानाही १९७७ च्या निवडणुकीत ते प्रचाराला उतरले, हे उदाहरण अभिमानाने सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु आणीबाणीसारख्या प्रसंगी एका थोर पुरुषाने स्वतःच्या इच्छेने जे केले, ते दर निवडणुकीत तालुक्याच्या कार्यकर्त्याकडून गृहीत धरणे हा त्यागाचा गौरव नव्हे. ती फुकटच्या श्रमाची सवय आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. जी चळवळ विश्रांतीला कामगाराचा हक्क मानते, तिनेच आपल्या माणसाच्या विश्रांतीला आळस म्हणावे, ही विसंगती फार काळ झाकून राहत नाही.

शिवाय हा प्रश्न केवळ दयेचा नाही. तो राजकीय कार्यक्षमतेचा आहे. मतदानाच्या दिवसाचेच पाहावे. सकाळी सातला मतदान सुरू व्हायचे असेल तर नव्वद मिनिटे आधी, साडेपाचला, यंत्राचे अभिरूप मतदान होते आणि प्रतिनिधीने त्या वेळी हजर असावे लागते. सायंकाळी सहाला वेळ संपली तरी रांगेतील मतदारांचे मतदान पूर्ण होते, मग यंत्रे मोहोरबंद होतात. त्यानंतर केंद्राध्यक्षांकडून नमुना १७-सी ची प्रत घ्यायची असते. केंद्रावर किती मते नोंदली गेली याचा उमेदवाराच्या हाती राहणारा तो लेखी पुरावा. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत चिठ्ठ्या लिहिलेला, दिवसभर चहा-बिस्किटांवर बसलेला माणूस नेमक्या याच क्षणी उठून घरी जातो. मतांचा पुरावा गमावला जातो तो प्रतिपक्षाच्या कारस्थानाने नव्हे, तर थकव्याने.

निवडणूक संचालन नियम, १९६१ यांनी प्रत्येक केंद्रासाठी एक मतदान प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिलेली आहे. एका वेळी आत एकच बसतो, पण पाळी लावता येते. कायद्याने कार्यकर्त्याची जी कदर केली, ती पक्षांनी केलेली नाही. किती केंद्रांवर बदली प्रतिनिधी नेमले जातात, हे प्रत्येक तालुका समितीने स्वतःलाच विचारावे. माणसे कमी आहेत हे खरे. पण माणसे कमी आहेत म्हणूनच ती जपून वापरायची असतात. धनिकांच्या पक्षाला दमलेल्या माणसाच्या जागी रोजाने दुसरा आणता येतो. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याचे सारे भांडवल माणूस हेच.

तेव्हा काही गोष्टी पक्षाच्या शिस्तीचा भाग व्हाव्यात. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार घरोघर प्रचार नको. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो, त्याबरोबरच बैठका आणि भ्रमणध्वनीवरचे आदेशही थांबावेत. आठवड्यातून एक अर्धा दिवस प्रत्येकाला पाळीने मोकळा मिळावा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांची यादी कार्यालयात असावी आणि त्यांना भर उन्हात पाठवू नये. स्त्री कार्यकर्त्यांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे हे फेरी ठरवितानाच पाहावे; ती नसल्यामुळे पाणीच न पिणाऱ्या भगिनी कमी नाहीत. आणि घरातला एक माणूस महिनाभर बाहेर असतो तेव्हा त्याचे घरकाम बहुधा पत्नीच्या माथी पडते, याचीही जाण ठेवावी. तोही पक्षाला मिळालेला श्रमच आहे.

निकालानंतरचा आठवडा सर्वांत उपेक्षित. पराभव झाला की कार्यालयाला कुलूप लागते आणि जो तो आपल्या घरी एकटा खचत बसतो. त्या आठवड्यात तालुका समितीने कार्यकर्त्यांना एकत्र बोलवावे, आकडे मांडावेत, झालेल्या कामाची नोंद घ्यावी. निवडणुका पुन्हा येतातच. कार्यकर्ता मात्र एकदा मोडला की सहसा परत येत नाही. पुढच्या निवडणुकीच्या अंदाजपत्रकात पहिला रकाना त्याच्या जेवणाचा, पाण्याचा आणि पाळीचा असावा, पत्रकांचा त्यानंतर.