पासवर्ड सांगायचाच कशाला?

मंगळवारी-शनिवारी सौंसरजवळच्या जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गर्दी लोटली की मोबाइलचं नेट रडायला लागतं. नागपूरच्या कचेरीचा सर्व्हर सांभाळणारा सौंसरचा पोरगा नेमका तेव्हाच घरी आलेला असतो आणि कामाचा मेल अडकलेला असतो. ब्राउझरचं पान उघडत नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकावा लागतो, तोही चार जणांच्या नजरेसमोर. अशा पोरांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर मेलसाठी पासवर्ड टाकणं सोडा.

त्यासाठी सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच, हे दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं साधन वापरा. ते जन्मलं तेच पासवर्डच्या चोरीतून. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपून घेतले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. मधली वाट त्यानं सुरक्षित झाली. पण पासवर्ड वापरला तर तो पलीकडच्या सर्व्हरच्या हाती पडतोच. किल्ल्यांची जोडी वापरली की तेही टळतं.

लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन चालवा, प्रकार ईडी25519 निवडा. दोन फाइली तयार होतात. सार्वजनिक किल्ली म्हणजे खरं तर तुमचं कुलूप. ते सर्व्हरच्या ऑथराइज्ड कीज या फाइलीत लावून टाका, कुणी पाहिलं तरी बिघडत नाही. खाजगी किल्ली लॅपटॉप सोडत नाही. ती फक्त त्या एका जोडणीपुरती सही करते आणि सर्व्हर ती सही तपासतो. या किल्लीला सांकेतिक वाक्य मात्र द्याच. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढाच आडोसा असतो. एसएसएच-एजंट ते एकदा विचारतो आणि मग त्रास देत नाही.

आता मेल. मेल लॅपटॉपवर उतरवून घेणाऱ्या एमबीसिंक या प्रोग्राममध्ये टनेलची सोय आहे. ती एसएसएचवरून सर्व्हरवरचा डव्हकॉट या मेल-सर्व्हरचा आयमॅप प्रोग्राम थेट सुरू करते. ओळख आधीच पटलेली असल्यानं आयमॅप प्रीऑथ म्हणून पुढे सरकतो, पासवर्ड विचारतच नाही. मेल लॅपटॉपवर उतरतो, मग नेट गेलं तरी वाचता येतो. मेलसाठी वेगळी किल्ली करा आणि ऑथराइज्ड कीजमध्ये तिच्यापुढे फक्त हाच प्रोग्राम चालवण्याची अट लिहा. किल्ली चोराच्या हाती लागली तरी त्याला मेल मिळेल, अख्खा सर्व्हर नाही.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवला जातो आणि बहुतेक जण न वाचता ‘येस’ टाकतात. हे मला फार खटकतं. तुमची ओळख पटवायची एवढी व्यवस्था केलीत, मग समोरचा कोण ते नको पाहायला? कचेरीत असतानाच तो ठसा लिहून आणा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सर्व्हरवर पासवर्डनं प्रवेश बंद करताना एक जोडणी उघडीच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून किल्ली चालते ना ते पाहा, नाहीतर नागपूरची बस धरावी लागेल.

ज्यांचा स्वतःचा सर्व्हर नाही, त्यांच्यासाठी हेच तत्त्व पासकी या नावानं आलं आहे. गुगलनं मे 2023 मध्ये ते वैयक्तिक खात्यांना दिलं. आपल्याकडे संत्र्याचा शेतकरी ऑनलाइन सेंटरवर जातो, मेलचा पासवर्ड मोठ्यानं सांगतो आणि तो तिथल्या वहीत उतरवला जातो. पासकी त्याच्याच फोनमध्ये असते, बोट टेकवलं की काम होतं. सौंसर-पांढुर्ण्याच्या सेंटरवाल्या पोरांनी ती गिऱ्हाइकाला आपणहून लावून द्यावी आणि त्या वह्या फाडून टाकाव्यात.