सोफा मागितला, दिवा मिळाला

युरोपातल्या फुटबॉल मॅनेजरला मालकाला काही सांगायचं असेल, तर तो पुष्कळदा पत्रकारांना सांगतो. फोन दोघांकडेही असतो, पण फोनवर ‘बघू’ म्हणून विषय संपवता येतो. शिवाय प्रत्येक सामन्याच्या आधी आणि नंतर मॅनेजरला माइकसमोर बसावंच लागतं, मालकावर तशी सक्ती नाही. खेळाडू कोणी विकला, पैसा कोणी अडवला, करार का रखडला, सगळ्याचा जाब द्यायचा तो याने. मग कधीतरी तो त्याच माइकचा उपयोग वरच्या मजल्यावर निरोप पाठवायला करतो. या कलेत राफाएल बेनिटेझचा हात धरणारा कोणी नाही.

हा मूळचा माद्रिदचा. २००१ साली तो व्हॅलेन्सियात आला आणि पहिल्याच हंगामात त्याने क्लबला ३१ वर्षांनी ला लिगा जिंकून दिली. पण स्पेनमध्ये खेळाडू विकत घेण्याचं काम स्पोर्टिंग डिरेक्टरचं. म्हणजे बाजारहाट एकाने करायचा, स्वयंपाक दुसऱ्याने, आणि मीठ कमी पडलं की बोलणी आचाऱ्याला. २००३ च्या उन्हाळ्यात हव्या त्या जागेसाठी खेळाडू मिळाला नाही, तेव्हा बेनिटेझ म्हणाला की मी सोफा मागितला होता, यांनी दिवा आणून दिला. (सोफा की टेबल, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. दिव्याबद्दल आहे.) त्याच दिव्याच्या उजेडात त्याने त्या हंगामात ला लिगा आणि यूएफा कप दोन्ही जिंकले, आणि जून २००४ मध्ये भर पत्रकार परिषदेत रडत राजीनामा दिला. इतकं जिंकूनही आपल्याला विचारत नाहीत, हे त्याला लागलं असावं.

इंग्लंडमध्ये मॅनेजरच्या शब्दाला वजन असतं, निदान तेव्हा तरी असायचं. म्हणून तो लिव्हरपूलला गेला. पहिल्याच वर्षी चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची ती अंतिम लढत: मध्यंतराला एसी मिलान तीन गोलांनी पुढे, आणि शेवटी पेनल्टीवर लिव्हरपूल विजेते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी जागे असलेले पुष्कळ होते. या विजयाने बेनिटेझला शहरात जे स्थान मिळालं, ते पुढच्या सगळ्या भांडणांत त्याचं भांडवल ठरलं.

फेब्रुवारी २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या दोन अमेरिकनांनी लिव्हरपूल विकत घेतलं. बेसबॉल आणि आइस हॉकीच्या संघांचे मालक. पैसा बराचसा कर्जाऊ. मे महिन्यात अथेन्सला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानने लिव्हरपूलला हरवलं, आणि बेनिटेझने जाहीरपणे मालकांना सुनावलं की आता बोलणं पुरे, खेळाडू आणा. जुलैत फर्नांडो टोरेस आला. माझ्या मते पुढचा सगळा घोटाळा इथेच झाला. जाहीर बोललं की काम होतं, हा धडा त्याने घेतला. मालकांनी बहुधा उलटा घेतला.

नोव्हेंबरात तो जानेवारीच्या खरेदीचं विचारू लागला, तेव्हा अमेरिकेतून निरोप आला की आहेत त्या खेळाडूंना शिकवण्याकडे लक्ष द्या. पुढच्या पत्रकार परिषदेत त्याने तेच केलं. दुखापतींबद्दल विचारा, मालकांबद्दल विचारा, उत्तर एकच: नेहमीप्रमाणे मी माझ्या संघाच्या सरावावर आणि प्रशिक्षणावर लक्ष केंद्रित करतो आहे. पत्रकार प्रश्न फिरवून विचारत होते, हा तेच वाक्य त्याच चेहऱ्याने परत करत होता. दोन दिवसांनी न्यूकॅसलच्या मैदानावर तो नेहमीच्या सूटऐवजी ट्रॅकसूट घालून उभा राहिला. सांगितलंत ना शिकवा, घ्या, शिकवतोय! संघ ३-० ने जिंकला. वरिष्ठाचा हुकूम अक्षरशः पाळून त्याला तोंडघशी पाडण्याचा हा प्रकार आपल्या कुठल्याही कचेरीतल्या जुन्या हेडक्लार्कला लगेच ओळखू येईल.

चाहत्यांनी मोर्चा काढला, तो बेनिटेझच्या बाजूने. मालकांना माघार घ्यावी लागली. जानेवारीत हिक्सनेच सांगून टाकलं की आम्ही मॅनेजरपदासाठी युर्गन क्लिन्समनशी बोललो होतो, आपला विमा म्हणून. नोकरीवर असलेल्या माणसाच्या जागेचा विमा! बेनिटेझच्या तिरकसपणाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पण गोष्ट इतकी एकतर्फी नाही. २००८-०९ मध्ये लिव्हरपूल ८६ गुणांसह दुसरं आलं, लीगमध्ये फक्त दोन सामने हरलं. त्याच सुमारास मुख्य कार्यकारी अधिकारी रिक पॅरी जाणार हे ठरलं, आणि मार्च २००९ मध्ये बेनिटेझने पाच वर्षांचा करार केला. खरेदी-विक्रीत आपला शब्द चालावा यासाठी तो महिनोनमहिने अडून बसला होता. तो अधिकार आता बराचसा हाती आला. उन्हाळ्यात झाबी आलोन्सो रेआल माद्रिदला गेला. त्याच्या जागी रोमाहून अल्बर्टो आक्विलानी आला, तोही घोट्याच्या दुखापतीसह. संघ सातवा आला. या वेळी सोफा त्याने स्वतः निवडला होता, हे त्याच्या भक्तांना आवडत नाही, पण आहे तसं आहे. जून २०१० मध्ये तो गेला. कर्जात बुडालेले हिक्स आणि जिलेट ऑक्टोबरपर्यंतच टिकले.

तिथून तो इंटर मिलानला, आधीच्या मॅनेजरच्या, जोसे मोरिन्योच्या, तीन करंडकांनंतर. मालक मासिमो मोराट्टी यांनी नव्या खेळाडूंवर फारसा खर्च केला नाही. १८ डिसेंबर २०१० रोजी अबू धाबीत इंटरने क्लब विश्वचषक जिंकला, आणि करंडकाचं कौतुक ओसरण्याआधीच बेनिटेझने तीन पर्याय मांडले: चार-पाच खेळाडू घ्या, नाहीतर वर्षभर एकालाच दोषी धरत असेच पुढे जा, नाहीतर माझ्या एजंटशी बोला. पाच दिवसांत क्लबने तिसरा पर्याय निवडला. मला यात त्याची सगळ्यात मोठी चूक दिसते. विजयाच्या दिवशी आपलं पारडं जड असतं असं मॅनेजरला वाटतं, पण त्या दिवशी मालकाला करंडक आपलाच वाटत असतो. अशा वेळी त्याला याद्या नको असतात.

चेल्सीत तो ‘हंगामी’ होता. त्या बिरुदावरही तो जाहीरपणे चिडला आणि तरी युरोपा लीग जिंकून गेला.

न्यूकॅसलला मात्र त्याला वेगळाच मालक भेटला. माइक अॅशली बोलायचाच नाही. एकदा त्याने संघाला जेवायला नेलं, तर त्याचीच बातमी झाली. बेनिटेझ तिथे २०१६ ते २०१९ राहिला. क्लब खालच्या लीगमध्ये घसरला तरी त्याने सोडला नाही, वर्षात परत वर आणला, पुढच्या हंगामात दहावा क्रमांक मिळवला. पैसे मागत राहिला, अगदी सभ्यपणे. करार संपला तसा चीनला निघून गेला. त्यानंतर महिन्याभरात न्यूकॅसलने जोएलिंटन या आक्रमकावर सुमारे ४ कोटी पौंड खर्च केले, क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी खरेदी. पहिल्या हंगामात लीगमध्ये त्याचे गोल झाले दोन.

२०२१ मध्ये बेनिटेझने एव्हर्टनचं, म्हणजे लिव्हरपूलच्या सख्ख्या वैऱ्याचं, मॅनेजरपद घेतलं. तिथे ल्युका दीन्य या बचावपटूशी त्याचं बिनसलं आणि इतक्या वर्षांनी एकदाचा क्लब त्याच्या बाजूने उभा राहिला. १३ जानेवारी २०२२ रोजी दीन्यला अॅस्टन व्हिलाला विकून टाकलं. १५ तारखेला एव्हर्टन नॉर्विचकडून हरलं. १६ तारखेला बेनिटेझला काढलं.